क्रियात्मक गट ओळखायचा कसा? ऑरगॅनिक प्रॅक्टिकलला पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

तासगावजवळच्या गावातून मी रोज सकाळच्या एसटीनं सांगलीला यायचे. दहावीपर्यंतचं विज्ञान मराठीत झालेलं, आणि अकरावीत पहिल्याच प्रॅक्टिकलला फळ्यावर क्रियात्मक गटांच्या (रेणूतल्या ज्या भागावरून संयुगाचे गुणधर्म ठरतात त्यांच्या) चाचण्यांचा भलामोठा इंग्रजी तक्ता. तो मी पाठ केला. बारावी त्याच्यावर निघाली. बीएस्सीला मात्र एका सराव परीक्षेत तो पाठ केलेला तक्ता कामाला आला नाही.

मला पांढरी पूड मिळाली होती. सोडियम बायकार्बोनेट घातल्यावर बुडबुडे आले, म्हणजे आम्ल. पुढे २,४-डीएनपी (अल्डिहाइड-कीटोन ओळखायचं द्रावण) घातलं तर पिवळट नारिंगी साका (न विरघळणारा गाळ) खाली बसला, मी धरलं कीटोन. आम्लही आणि कीटोनही असलेलं संयुग यादीत शोधण्यात माझा पाऊण तास गेला. नळ्या गोळा करायला आलेले लॅबमधले मामा थांबले आणि म्हणाले, "पोरी, नळी कशानं विसळलीस?" लवकर वाळावी म्हणून मी ती ॲसिटोननं विसळली होती. "मग रिकाम्या नळीत घालून बघ की ते औषध." घातलं. रिकाम्या नळीतही तोच नारिंगी साका. ॲसिटोन स्वतःच कीटोन, आणि त्याचा एक थेंब काचेला राहिला होता. पूड साधं बेन्झोइक आम्ल होती.

तेव्हापासून मी प्रत्येक चाचणी तीन नळ्यांत करते. आता सुट्टीत गावाकडच्या मुलामुलींचा सराव घेते, तेव्हाही आधी हेच सांगते. खाली लिहिलेला क्रम त्याच सरावातून आलेला आहे.

समीकरणांबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. इथे ती नावांनी लिहिली आहेत, आणि नावाआधीचा आकडा म्हणजे रेणूंची संख्या. जर्नलमध्ये तुम्हाला संज्ञा आणि सूत्रंच लिहायची आहेत. पण आधी कोण कोणाशी किती संख्येनं भिडतंय हे मराठीत नीट कळलं, की सूत्रं लिहायला अवघड जात नाही.

१. आधी हे जवळ ठेवा

बारावीच्या रसायनशास्त्रात प्रॅक्टिकलला ३० गुण आहेत, आणि सही-शिक्क्याचं प्रमाणित जर्नल नसेल तर परीक्षेला बसूच देत नाहीत. म्हणून सह्या त्या-त्या आठवड्यालाच घ्या, शेवटी एकदम घ्यायला गेलात तर रांगेत दिवस जातो. परीक्षेला जाताना हॉल तिकीट, जर्नल, ओळखपत्र, सुती ॲप्रन आणि संरक्षक चष्मा घ्या. पायात बंद बूट हवेत आणि केस बांधलेले हवेत.

टेबलावर लागणारं सामान:

- १०-१२ परीक्षानळ्या, स्टँड, चिमटा आणि नळीचा ब्रश
- दोन-तीन ड्रॉपर (प्रत्येक द्रावणाला वेगळा)
- गरम पाण्यासाठी बीकर, तिवई, जाळी, बर्नर
- निळा आणि तांबडा लिटमस
- ऊर्ध्वपातित पाणी. सांगलीचं नळाचं पाणी चालत नाही: त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर नायट्रेट लगेच पांढरं होतं.
- नळ्यांवर खुणा करायला मार्कर किंवा चिकटपट्टी

२. तीन नळ्या लावा

पहिल्या नळीत नुसतं पाणी (किंवा तुम्ही वापरलेला द्रावक). दुसऱ्या नळीत ज्याची चाचणी नक्की होकारार्थी येते असं माहितीचं संयुग. तिसऱ्या नळीत तुमचं अनोळखी संयुग. तिन्ही नळ्यांत अभिकारक (चाचणीसाठी घालायचं औषध) सारखा घाला आणि तिन्ही सारखा वेळ तापवा.

पहिल्या नळीत बदल झाला, तर नळी किंवा अभिकारक खराब. दुसऱ्या नळीत बदल झालाच नाही, तर अभिकारक मेलेला. बाटलीवर नाव आहे एवढ्यानं विश्वास ठेवू नका. बाटली कधी भरली हे बाहेरून कळत नाही. ही दोन उत्तरं मिळाल्यावरच तिसऱ्या नळीकडे बघायचं. वेळ जास्त लागतो असं वाटेल. पण माझा तो पाऊण तास आठवा, दोन जादा नळ्यांना मिनिटसुद्धा लागत नाही.

३. पाहा, वास घ्या, जाळून बघा

रंग आणि रूप लिहून घ्या. वास घेताना नळी नाकाला लावायची नाही, हातानं हवा आपल्याकडे ओढायची. मग चमच्याच्या टोकावर कणभर घेऊन ज्योतीत धरा. काजळी सोडत पिवळी जळली तर संयुग बहुतेक ॲरोमॅटिक (बेन्झीनसारखं वलय असलेलं), बिनकाजळीची निळसर ज्योत आली तर बहुतेक ॲलिफॅटिक (तसं वलय नसलेलं). "बहुतेक" हा शब्द जर्नलमध्येही ठेवा, कारण पुरावा एकच आहे.

नायट्रोजन, गंधक, हॅलोजन आहे का हे लॅसेनच्या चाचणीनं कळतं. ती करताना सर किंवा मॅडम शेजारी असू द्या. तिच्यात संयुग सोडियम धातूबरोबर तापवतात, आणि सोडियम पाण्याच्या थेंबानंही पेट घेतो.

४. आम्लाची परीक्षा सगळ्यात आधी

आम्ल आहे की नाही हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढच्या कितीतरी चाचण्यांत आम्ल लुडबुड करतं. सोडियम बायकार्बोनेटचं ताजं द्रावण घ्या, त्यात चिमूटभर पूड किंवा दोन थेंब द्रव टाका. बुडबुडे नळीभर वर यायला हवेत. बेन्झोइक आम्लासारखी पूड पाण्यात सहज विरघळत नाही, तिला वेळ द्या आणि नळी हलवा. निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते.

ॲसिटिक आम्ल + सोडियम बायकार्बोनेट → सोडियम ॲसिटेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

कार्बन डायऑक्साइड + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

पहिलं समीकरण सगळे पाठ करतात आणि चुकतात ते दुसरं आम्ल आल्यावर. आकडा येतो कुठून हे बघायला स्वयंपाकघरात जा. व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल, त्याच्या रेणूत कार्बोक्झिल गट (आम्लपणा देणारा गट) एक. चिंचेत आणि आपल्या तासगावच्या द्राक्षांत टार्टारिक आम्ल, त्यात गट दोन. लिंबात सायट्रिक आम्ल, गट तीन. प्रत्येक गट बायकार्बोनेटचा एक रेणू घेतो आणि पाण्याचा एक, कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सोडतो. म्हणून:

टार्टारिक आम्ल + २ सोडियम बायकार्बोनेट → डायसोडियम टार्ट्रेट + २ पाणी + २ कार्बन डायऑक्साइड

सायट्रिक आम्ल + ३ सोडियम बायकार्बोनेट → ट्रायसोडियम सायट्रेट + ३ पाणी + ३ कार्बन डायऑक्साइड

गट मोजता आले की आकडे पाठ करावे लागत नाहीत. घरी खायचा सोडा चिंचेच्या कोळात आणि लिंबाच्या रसात टाकून फसफस बघायला काहीच धोका नाही, जरूर बघा.

इथला सापळा: पिक्रिक आम्ल. ते जातीनं फिनॉल (बेन्झीनच्या वलयाला हायड्रॉक्सिल गट जोडलेलं), पण तीन नायट्रो गटांमुळे इतकं आम्लधर्मी की बायकार्बोनेटलाही बुडबुडे आणतं. पूड पिवळी असेल आणि नायट्रोजन सापडला असेल, तर कार्बोक्झिलिक आम्ल लिहिण्याआधी थांबा.

५. फिनॉल

साधं फिनॉल लिटमस तांबडा करतं, पण बायकार्बोनेटला बुडबुडे आणत नाही. फरक लक्षात ठेवायला एवढं पुरे. खात्रीसाठी उदासीन फेरिक क्लोराइड वापरा.

"उदासीन" शब्दाकडे सगळे दुर्लक्ष करतात. बाटलीतलं फेरिक क्लोराइड आम्लधर्मी असतं आणि त्यात रंग नीट उठत नाही. थोडं द्रावण वेगळं घ्या, त्यात विरल अमोनियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं घालत हलवा. हलवूनही न जाणारा हलका तपकिरी साका दिसला की थांबा, गाळा, आणि गाळलेलं द्रावण वापरा. फिनॉलला जांभळा रंग येतो, बीटा-नॅफ्थॉलला हिरवट.

६ फिनॉल + फेरिक क्लोराइड → जांभळं लोह-फिनॉल संकुल + ३ हायड्रोक्लोरिक आम्ल

लोहाच्या एका आयनाभोवती सहा फिनॉल बसतात, म्हणून ६. सहा हायड्रोजनपैकी तीन क्लोराइडबरोबर जातात आणि तीन संकुलासोबत राहतात.

सॅलिसिलिक आम्ल दोन्ही चाचण्या देतं, बुडबुडेही आणि जांभळा रंगही. गोंधळू नका, त्याच्यात खरोखरच दोन्ही गट आहेत. उलट ॲसिटिक आम्लाचं उदासीन द्रावण फेरिक क्लोराइडनं लालसर होतं. लाल म्हणजे जांभळा नव्हे. रंग दुसऱ्या नळीशेजारी धरून, पाठीमागे पांढरा कागद ठेवून बघा.

फिनॉल घरात शोधायचं तर हळद आहेच. मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवणाऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग साबण लागताच लालभडक होतात, हे सांगलीत कुणाला सांगायला नको. हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूत फिनॉलचे दोन गट आहेत. अल्कली मिळाली की ते हायड्रोजन सोडतात आणि रंग पालटतो.

जपून: फिनॉल कातडीवर पडलं तर जागा पांढरी पडते आणि बधिर होते, त्यामुळे भाजल्याचं लगेच कळतच नाही. ताबडतोब भरपूर पाण्याखाली धरा आणि लगेच सरांना सांगा.

६. अल्डिहाइड की कीटोन

इथे दोन पायऱ्या आहेत. २,४-डीएनपीनं पिवळा ते नारिंगी साका आला तर कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) आहे, एवढंच कळतं. अल्डिहाइड आणि कीटोन दोघेही तो देतात. एक रेणू कार्बोनिलचा, एक डीएनपीचा, पाण्याचा एक रेणू बाहेर: समीकरणात आकडे नाहीत. नळी ॲसिटोननं विसळलेली नाही ना, हे पुन्हा बघा.

फरक करायला टॉलेन्सचं द्रावण: अल्डिहाइड त्यात चांदीचा आरसा देतं, साधं कीटोन देत नाही. ते असं बनवा. सिल्व्हर नायट्रेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घातले की तपकिरी साका पडतो. विरल अमोनिया थेंबाथेंबानं घालत तो जेमतेम विरघळवा. जास्त घातलात तर चाचणी मंदावते.

२ सिल्व्हर नायट्रेट + २ सोडियम हायड्रॉक्साइड → सिल्व्हर ऑक्साइड + २ सोडियम नायट्रेट + पाणी

सिल्व्हर ऑक्साइड + ४ अमोनिया + पाणी → २ डायअमाइन सिल्व्हर हायड्रॉक्साइड

ॲसिटाल्डिहाइड + २ डायअमाइन सिल्व्हर हायड्रॉक्साइड → अमोनियम ॲसिटेट + २ चांदी + ३ अमोनिया + पाणी

चांदी दोनच का? अल्डिहाइडचं आम्ल होताना दोन इलेक्ट्रॉन सुटतात आणि चांदीचा एक आयन एकच घेतो. नळी थेट ज्योतीवर धरू नका. गरम पाण्याच्या बीकरमध्ये उभी करा आणि हलवू नका. आधी तळाशी राखाडी सावली येते, मग ती काचेवर चढते, आणि अचानक त्यात तुमचा चष्मा दिसतो. काच तेलकट असेल तर आरशाऐवजी काळी पूड पडते. तीही होकारार्थीच, पण नळी साबणानं धुऊन पुन्हा करून बघा, ते दृश्य एकदा तरी नीट बघायलाच हवं.

टॉलेन्स कधीही करून ठेवू नका. उरलेलं द्रावण तसंच राहिलं तर त्यात चांदीचं स्फोटक संयुग तयार होतं. काम संपलं की लगेच विरल नायट्रिक आम्ल घालून टाकून द्या.

अल्डिहाइडची दुसरी चाचणी फेहलिंगची, तांब्याच्या निळ्या द्रावणाची. तिला 'ए' आणि 'बी' द्रावणं समान प्रमाणात आयत्या वेळी मिसळा, आणि पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. गडद निळ्याचा विटकरी लाल साका होतो.

ॲसिटाल्डिहाइड + २ क्युप्रिक हायड्रॉक्साइड + सोडियम हायड्रॉक्साइड → सोडियम ॲसिटेट + क्युप्रस ऑक्साइड + ३ पाणी

इथे दोन सापळे आहेत. बेन्झाल्डिहाइड टॉलेन्स देतं, फेहलिंग देत नाही. म्हणून फेहलिंग नकारार्थी आलं की लगेच कीटोन लिहू नका. आणि फ्रुक्टोज कीटोन असूनही दोन्ही चाचण्या देतं, कारण अल्कलीमध्ये त्याचं रूपांतर ग्लुकोजसारख्या अल्डिहाइड शर्करांत होतं.

सरावाला येताना मी मुलांना घरून तीन पुड्या आणायला लावते: पाच-सहा बेदाणे, गुळाचा खडा, चमचाभर साखर. बेदाणे धुऊन, कुस्करून, गाळून घेतले की फेहलिंगमध्ये झटकन लाल होतात, त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरलेलं असतं. गूळही लाल होतो. साखर मात्र निळीच राहते. मग साखरेच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकून दहा मिनिटं तापवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत सोडा घालून आम्ल मारायचं, आणि पुन्हा फेहलिंग. आता साखरही लाल!

सुक्रोज + पाणी → ग्लुकोज + फ्रुक्टोज

सोडा घालायला विसरलात तर आम्ल फेहलिंगमधली अल्कली खाऊन टाकतं आणि काहीच होत नाही. गुळात सुक्रोजचा काही भाग रस उकळताना आधीच असा फुटलेला असतो, म्हणून तो सरळ लाल होतो.

७. अल्कोहोल, आणि आयोडोफॉर्मचा हिशेब

सेरिक अमोनियम नायट्रेटच्या पिवळ्या द्रावणाला अल्कोहोल लाल करतं.

२ इथेनॉल + सेरिक अमोनियम नायट्रेट → लाल संकुल + २ अमोनियम नायट्रेट

सोडियम धातूची चाचणी पुस्तकात आहे (२ इथेनॉल + २ सोडियम → २ सोडियम इथॉक्साइड + हायड्रोजन), पण पाणी, आम्ल, फिनॉल सगळेच सोडियमशी भांडतात, म्हणून मी तिच्यावर विसंबत नाही. अल्कोहोल प्राथमिक, द्वितीयक की तृतीयक (हायड्रॉक्सिलच्या कार्बनला किती कार्बन जोडलेत त्यावरून) हे ल्युकासच्या द्रावणानं (झिंक क्लोराइड आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल) कळतं: तृतीयक लगेच गढूळ, द्वितीयक साधारण पाच मिनिटांत, प्राथमिक खोलीच्या तापमानाला स्वच्छच.

आयोडोफॉर्मवर जरा थांबू. आयोडीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून कोमट केलं की पिवळा साका आणि दवाखान्यासारखा वास येतो. ॲसिटोन आणि इथेनॉल दोघेही हे देतात, मिथेनॉल देत नाही. तोंडी परीक्षेत दोन्ही समीकरणं विचारतात आणि मुलं आकडे अदलाबदल करतात.

ॲसिटोन + ३ आयोडीन + ४ सोडियम हायड्रॉक्साइड → आयोडोफॉर्म + सोडियम ॲसिटेट + ३ सोडियम आयोडाइड + ३ पाणी

इथेनॉलला आधी ॲसिटाल्डिहाइड व्हावं लागतं, आणि त्याची किंमत वेगळी मोजावी लागते:

इथेनॉल + आयोडीन + २ सोडियम हायड्रॉक्साइड → ॲसिटाल्डिहाइड + २ सोडियम आयोडाइड + २ पाणी

म्हणून एकूण हिशेबात आयोडीन एकानं आणि हायड्रॉक्साइड दोनानं वाढतं:

इथेनॉल + ४ आयोडीन + ६ सोडियम हायड्रॉक्साइड → आयोडोफॉर्म + सोडियम फॉर्मेट + ५ सोडियम आयोडाइड + ५ पाणी

आपल्याकडच्या साखर कारखान्यांत मळीपासून निघतं ते हेच इथेनॉल.

८. उरलेले दोन गट, थोडक्यात

असंतृप्तता (कार्बन-कार्बनमधला दुहेरी किंवा तिहेरी बंध): बायरचं द्रावण, म्हणजे थंड, विरल, अल्कलीयुक्त पोटॅशियम परमँगनेट. जांभळा रंग जातो आणि तपकिरी साका येतो.

३ इथीन + २ पोटॅशियम परमँगनेट + ४ पाणी → ३ इथिलीन ग्लायकॉल + २ मँगनीज डायऑक्साइड + २ पोटॅशियम हायड्रॉक्साइड

मँगनीज +७ वरून +४ वर येताना तीन इलेक्ट्रॉन घेतं आणि इथीन दोन देतं. दोन आणि तीनचा लसावि सहा, म्हणून ३ आणि २. अल्डिहाइडही हा रंग घालवतं, तेव्हा ब्रोमीननं ताडून बघा. ब्रोमीन वॉटरचा रंग जाऊन पांढरा साका आला तर मात्र फिनॉल किंवा ॲनिलिनचा संशय घ्या (फिनॉल + ३ ब्रोमीन → ट्रायब्रोमोफिनॉल + ३ हायड्रोजन ब्रोमाइड).

अमाइन (अमोनियासारखा नायट्रोजनचा गट): ॲरोमॅटिक प्राथमिक अमाइनला रंगाची चाचणी.

ॲनिलिन + सोडियम नायट्राइट + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → बेन्झीन डायझोनियम क्लोराइड + सोडियम क्लोराइड + २ पाणी

मग बीटा-नॅफ्थॉलच्या अल्कलीयुक्त द्रावणात ओतलं की नारिंगी-लाल रंग येतो. सगळी द्रावणं ० ते ५ अंश सेल्सिअसला हवीत. मार्च-एप्रिलमधल्या सांगलीच्या उकाड्यात दोन खडे बर्फानं भागत नाही, बीकर बर्फानं भरा आणि वर मीठ टाका. तापमान चढलं तर डायझोनियम फुटतं, नायट्रोजन निघून जातो आणि हातात फिनॉल उरतं. हे मिश्रण वाळू देऊ नका, कोरडं डायझोनियम स्फोटक असतं. प्राथमिक अमाइनची दुसरी चाचणी म्हणजे कार्बिलअमाइन; तिचा वास भयंकर आणि वायू विषारी आहे, धूर खेचणारं कपाट नसेल तर करूच नका.

९. जर्नलमध्ये लिहिताना

तीन रकाने: चाचणी, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणात फक्त डोळ्यांना दिसलं ते. "नारिंगी साका" हे निरीक्षण, "कार्बोनिल गट आहे" हे अनुमान. परीक्षकाचं बोट सगळ्यात आधी इथेच थांबतं. नकारार्थी चाचण्याही लिहा. एका गटासाठी दोन चाचण्या होकारार्थी आल्याशिवाय शेवटचं अनुमान लिहू नका. समीकरण लिहून झालं की डावीकडचे आणि उजवीकडचे अणू एकेक करून मोजा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सगळ्यात शेवटी.

१०. निघण्याआधी नळ्या धुवा

चांदीचा आरसा आणि क्युप्रस ऑक्साइडचा लाल थर विरल नायट्रिक आम्लानं जातो. परमँगनेटचा तपकिरी डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या गरम द्रावणानं जातो, त्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब घाला. नंतर साबण आणि ब्रश, नळाचं पाणी, दोनदा ऊर्ध्वपातित पाणी. आणि नळ्या स्टँडवर उलट्या ठेवून तशाच वाळू द्या. ॲसिटोनची बाटली शेजारी असली तरी तिला हात लावू नका.